ओपनिंगला नारळ कुणाचा?

खोली क्रमांक चारच्या फळ्यावर पोरांनी खडूनं लिहिलं होतं, 'आपल्या शॉर्ट फिल्मचं ओपनिंग, दुपारी २ वाजता.' दोनला पाच कमी असताना गावातले एक पुढारी दारात हजर. कपड्यांना कडक इस्त्री, मागं दोन कार्यकर्ते, एकाच्या हातातल्या पिशवीत नारळ.

"सर, फीत कुठं लावायलाव?"

आमच्या देवणी गावात ओपनिंग या शब्दाला दुसरा अर्थ नाही. रसवंतीचं ओपनिंग असतं, झेरॉक्सचं असतं, मोबाइल शॉपीचं तर त्याच दुकानाचं दर दोन वर्षांनी असतं. मी त्यांना खुर्ची दिली आणि समजावलं की हे पिक्चरच्या सुरुवातीचं ओपनिंग आहे. अजून पिक्चर नाही, सुरुवातही नाही, नुसती चर्चा आहे. त्यांनी क्षणभर विचार केला.

"मग चर्चेचं करू की."

नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं, चर्चा राहिली. काम सुरू व्हायच्या आधी काहीतरी खाऊन संपवायचं, ही आमच्या फिल्मची प्रथा त्या दिवशी पडली ती शेवटपर्यंत टिकली.

मी मराठी शिकवतो. सिनेमाशी माझा संबंध तिकीट काढण्यापुरता. पण स्टाफरूममध्ये मी एकदा चहा पिताना 'पिस्तुल्या'बद्दल बोललो होतो. नागराज मंजुळे यांनी ती छोटी फिल्म नगरच्या कॉलेजात शिकताना केली, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे ऐकून माझे सहकारी काही बोलले नाहीत, पण आठ दिवसांनी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचं पत्र आलं तेव्हा 'मार्गदर्शक' या रकान्यात माझं नाव आधीच टाईप झालेलं होतं. कॉलेजात जास्त बोलणाऱ्याला अशीच शिक्षा होते.

पोरं तीन. दिग्दर्शक बी.ए. दुसऱ्या वर्षाला, चष्मा, बोलताना दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून समोरच्याला त्यात बसवणारा. प्राचार्यांशी बोलतानाही त्यानं चौकट केली, तेव्हा मी त्याचे हात खाली घेतले. कॅमेरामनच्या मामाचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा, त्यामुळं त्याच्याकडं स्टँड होता, दिवा होता आणि भयंकर आत्मविश्वास होता. तिसरी मुलगी. तिच्या वडिलांचं किराणा दुकान. तिला कंटिन्युटीचं काम दिलं, म्हणजे मागच्या शॉटमध्ये कुणाच्या अंगात काय होतं, कोणता हात वर होता, हे लिहून ठेवायचं. तिनं दुकानातली उधारीची लांब वहीच आणली आणि येणे-देणे अशा दोन रकान्यांत हिशेब मांडायला घेतला. पुढं त्या वहीसमोर सगळ्यांना मान तुकवावी लागली, अगदी बैलांनासुद्धा.

पहिल्या तासाला मी दादासाहेब फाळक्यांपासून सुरुवात केली, कारण मला तेवढंच पक्कं ठाऊक होतं. भारतातल्या पहिल्या कथापटाचं, १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चं ओपनिंग काय होतं? राजा आपल्या मुलाला धनुष्यबाण चालवायला शिकवतोय आणि राणी बघतेय. राणी म्हणजे साळुंके नावाचे गृहस्थ, उपाहारगृहात कामाला होते, तिथून फाळक्यांनी त्यांना उचललं. दिग्दर्शकाला राणीत रस नव्हता. त्यानं विचारलं, "म्हणजे सुरुवातीलाच नेम धरणं. सिंबॉलिक आहे ना सर?" मी म्हटलं, असेल.

त्याच्याही आधी फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावून त्याच्या वाढीची एकेक चौकट टिपली होती. रोज थोडी थोडी, महिन्याहून जास्त. पडद्यावर बघताना तो वेल भराभर उगवून आला आणि ते बघून पैसे लावणारा माणूसही उगवला. हे ऐकून कॅमेरामननं घरी हरभरा भिजत घातला, वर मोबाइल टांगला आणि दर तासाला एक फोटो सुरू केला. दुसऱ्या दिवशी मोड आले. तिसऱ्या दिवशीच्या फोटोत रिकामी वाटी आहे. चौथ्यात कढई आहे. आईनं मोड वाया जातील म्हणून उसळ केली होती. वहीत नोंद झाली : हरभरा, येणे.

मग कॅमेरा हलवायचं शास्त्र आलं. पुस्तकात तीन-चार पानं आहेत. मी ते देवणीच्या मापानं सांगितलं. पॅन म्हणजे कॅमेऱ्यानं मान हलवून नाही म्हणणं. टिल्ट म्हणजे मान डोलावून हो म्हणणं. झूम म्हणजे आपल्या ओट्यावर बसून समोरच्याच्या घरात डोकावणं. आपण जागचे हलत नाही, नुसती त्यांची भांडी मोठी दिसतात. आणि डॉली म्हणजे साखर मागायच्या निमित्तानं उठून थेट त्यांच्या स्वयंपाकघरात जाणं. जाताना तुळस मागं पडते, दार मागं पडतं, पडवीतली म्हातारी बाजूला सरकते, आणि मग भांडी दिसतात. दोन्हींत भांडी सारखीच मोठी, पण डॉलीत आपण त्या घरात गेलेलो असतो. पोरीनं मान वर केली. "सर, मग आमची शेजारीण डॉली आहे."

कॅमेरामनला मात्र झूमचं व्यसन. त्याचा दोष नाही, लग्नाच्या शूटिंगचं व्याकरणच तसं. गणपतीवर झूम, तिथून फिरत फिरत फुलं, फुलांतून नवरी, नवरीच्या डोळ्यांतून नवरदेव, नवरदेवाच्या मुंडावळ्यांतून आंदणाचं गोदरेजचं कपाट. माणूस मेला तरी त्याच्या फोटोला हे पोरगं बदामाच्या आकारातून आणणार, अशी मला भीती वाटायची. त्याची ती सवय मोडायला मी झूमवर बंदी घातली. त्यावर त्यानं उपाय शोधला, केळीवाल्याचा हातगाडा. गाड्यावर मांडी घालून कॅमेरामन, मागून ढकलणारा केळीवाला, तोंडानं नेहमीची आरोळी. रस्ता आमचा असा की पडद्यावर ते सगळं भूकंपाच्या बातमीसारखं दिसलं. दिग्दर्शक म्हणाला, वास्तववादी आहे. केळीवाल्यानं पैसे घेतले नाहीत, दोन डझन केळी मात्र आमच्याच गळ्यात मारली.

लो अँगलचा धडा बसस्टँडजवळ झाला. साध्या माणसाला मोठा दाखवायचा तर कॅमेरा खाली न्यावा, हे खरं. कॅमेरामन रस्त्याच्या कडेला पालथा पडला, हनुवटी मातीत, मोबाइल नाकापुढं. एक मिनिटात तीस माणसं. कुणी म्हणालं चक्कर, कुणी म्हणालं फीट. एकानं पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाला लावली, भाजीवाल्या मावशी कांदा फोडून धावत आल्या. "मावशी, शूटिंग हाय, शूटिंग!" असं तो ओरडत होता, तर मावशी म्हणाल्या, "वात झालाय वो लेकराला, बडबडायलंय." त्या फितीत चपलेचा क्लोजअप अप्रतिम आलाय. शिवण दिसते.

एवढ्यात दिग्दर्शकानं कुठंतरी 'टच ऑफ ईव्हिल'ची सुरुवात बघितली. ऑर्सन वेल्सचा १९५८ चा पिक्चर. गाडीत बॉम्ब ठेवला जातो आणि कॅमेरा क्रेनवर चढून घरांवरून, गल्ल्यांतून, माणसांच्या गर्दीतून तीन मिनिटांहून जास्त वेळ एकदाही न तुटता त्या गाडीबरोबर जातो. झालं. ह्याला आता बसस्टँडपासून शेतापर्यंत एकच शॉट हवा. क्रेन कुठून आणायची? महाराष्ट्रात या प्रश्नाचं उत्तर एकच असतं : जेसीबी. नवरदेवाची वरात त्यातून निघते, नेत्यांवर फुलं त्यातून उधळली जातात, आपल्याला काय झालं? जेसीबीवाला आला, बकेट खाली टेकवली आणि विचारलं, "किती फूट खंदायचंय?" त्याला आम्ही वर जायचंय म्हणून सांगितलं. बकेटमध्ये बसून कॅमेरामन अर्ध्यावर गेला आणि तिथंच त्याला आपल्या आईची आठवण आली. शिवाय इंजिनाचा आवाज एवढा की दिग्दर्शकाची 'ॲक्शन' ही आरोळी फक्त त्याच्या तोंडाच्या आकारावरून ओळखावी लागली. तासाचा दर ऐकल्यावर वेल्सचा विषय संपला.

मग पोरीनं, जी आतापर्यंत नुसती लिहीत होती, सुचवलं : "सर, आपण येळवस घेऊ."

मला ते आधी सुचायला हवं होतं. वेळअमावस्या आमच्याकडं, लातूर-धाराशिवच्या पट्ट्यात, दिवाळीपेक्षा मोठी. त्या दिवशी सगळं गाव शेतात जातं. ज्याला शेत नाही त्याला दहा जणांचं आवतन असतं. शेतात कडब्याची कोप करायची, त्यात पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, मडक्यातली आंबील, पोट आणि दिवस दोन्ही संपेपर्यंत. गावात कुत्रं राहत नाही, कारण त्यालाही माहीत असतं जेवण कुठं आहे. मुलगी म्हणाली, "आधी रिकामं देवणी. बंद दुकानं, मोकळा रस्ता, माणूस नाही. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, काय झालं या गावाला? आणि मग एकदम शेत." दिग्दर्शकानं तिला बोटांच्या चौकटीत बसवलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

शेत मिळालं आबांचं. आबांची बैलजोडी हीच आमची नटमंडळी. देवणी म्हटलं की बाहेरच्या जगाला गाव आठवत नाही, जनावर आठवतं, आणि ते योग्यच आहे. त्यात तीन वाण. बालंक्या सगळाच पांढरा. शेवेऱ्याच्या पांढऱ्या अंगावर काळे ठिपके आणि पट्टे, शाई सांडल्यासारखे. आणि वानेरा अंगानं पांढरा, तोंड मात्र काळसर, वानरासारखं. आबांची जोडी वानेऱ्याची. दिसायला राजबिंडी, कॅमेऱ्याला मात्र वैरीण.

कारण असं. कॅमेऱ्याच्या आतल्या मापकाला वाटतं, जग सरासरीनं राखाडी आहे. म्हणजे समोर पडलेल्या उजेडातला अठरा टक्के परत फेकणारं. पांढरं दिसलं की तो दाबतो, काळं दिसलं की उजळतो, सगळ्यांना एका पातळीवर आणतो. बैलाच्या तोंडावर बोट ठेवलं की तोंड छान दिसायचं, पण पाठ उजेडात वितळून चादर वाळत घातल्यासारखी व्हायची. पाठीवर बोट ठेवलं की पाठ मळकट आणि तोंडाच्या जागी भोक. आबांनी स्क्रीनमध्ये डोकावून बघितलं.

"ह्यो माझा बैल न्हाई."

"आबा, तुमचाच हाय. कॅमेऱ्याला सगळं राखाडी वाटतंय."

"मग त्येला चष्मा लावा. सकाळपासून दोन बादल्या पाणी टाकून धुतलावं मी."

पोर्ट्रेट मोडमध्ये तर कहर झाला. मागचं धूसर करता करता मोबाइलनं ठरवलं की बैलाचं उजवं शिंग हे मागच्या बाभळीचा भाग आहे, आणि ते पुसून टाकलं. आबा संतापले. शिंगं हीच बैलाची ऐट, आणि हे यंत्र फुकटात छाटतंय. त्यांनी स्वतः जाऊन शिंग हातानं चाचपलं, मगच खाली बसले.

इथं मला सुब्रत मित्र आठवले. 'पथेर पांचाली' सुरू झाला तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते आणि त्यांनी तोवर सिनेमाचा कॅमेरा चालवलेलाच नव्हता. पुढं 'अपराजितो'त काशीच्या वाड्याचं अंगण स्टुडिओत उभारलं, तेव्हा वर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा उजेड त्यावर मारून खाली परतवला, आकाशातून झिरपावा तसा. हे सांगताच कॅमेरामन उठून बसला. "मी तर वीसचाच हाव सर." पांढरं कापड म्हणून आबांचं नवं धोतर आलं. दोघांनी दोन टोकं धरली, उन्हाकडं तोंड केलं आणि खरोखर, वानेऱ्याच्या काळ्या तोंडावर अलगद उजेड पसरला. डोळ्याखालची सुरकुती दिसली. नाकपुडीवरचे दवासारखे थेंब दिसले. खालच्या पापणीचे पांढरे केस मोजता आले असते. आम्ही सगळे गप्प झालो. तेवढ्यात वारा आला, धोतर फडफडलं आणि दोन्ही बैल दावं तोडून बांधापलीकडं गेले.

गाडी जुंपून तालीम केली ती वेगळीच. दिग्दर्शकानं रस्त्याच्या एका बाजूनं शॉट घेतला आणि दुसरा पलीकडं जाऊन घेतला. जोडून बघितलं तर पहिल्यात गाडी उदगीरकडं चाललीय आणि दुसऱ्यात काही विसरल्यासारखी देवणीला परत येतेय. दोन शॉटमध्ये आपण कल्पनेतली रेघ ओलांडली की असं होतं. मी ते पाटीवर काढून दाखवलं. आबांना एका क्षणात कळलं. "बांध वलांडला मना की. बांध वलांडला की भांडणं हुतेतच." पुस्तकात याला तीन आकृत्या लागल्या होत्या.

येळवशीचा दिवस उगवला. रिकाम्या देवणीचा शॉट पहिल्या झटक्यात मिळाला. खरं तर रस्ता इतका रिकामा होता की स्टँड उभा करताना आम्हालाच चोरट्यासारखं वाटलं. शेतात गेलो तोवर ऊन चढलं. सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्श्यात एक चौकट, तिच्या निम्म्या वेळात झडप बंद, हे गणित मी शिकवलं होतं, पण त्या गणितात डिसेंबरचं मराठवाड्यातलं ऊन बसेना. सगळं पांढरं फटक. उजेड कमी करायला लेन्ससमोर गडद काच धरतात असं मी कुठंतरी बोललो होतो. कॅमेरामननं ते मनावर घेऊन गेट बनवणाऱ्याच्या दुकानातून वेल्डिंगची काच आणली होती. ती लावली आणि भर दुपारी बारा वाजता पडद्यावर मिट्ट काळोख. आबांची सून म्हणाली, "अमावस्या खरी दिसायली आता." शेवटी एकाचा उन्हाचा गॉगल घेतला, त्याची एक काच धरली, आणि जमलं. हिरवट छटा आली ती दिग्दर्शकानं कलात्मक म्हणून ठेवली.

शॉट असा ठरला होता : कोप, मागं ज्वारीचं शेत, डावीकडून बैलजोडी येते, कोपीपाशी थांबते, कॅमेरा हळूच वर जातो. बैल आणायला आबा गेले. तेवढ्यात हाक आली की पंगत बसलीय, भज्जी निवायलीय. शूटिंग थांबवून जेवायचं नसतं, हे मी त्यांना शिकवलं नव्हतं, कारण ते मलाही मान्य नाही. आम्ही गेलो. आंबील दोनदा घेतली. परत आलो तर आमचा सेट दोन बैलांच्या तोंडात होता.

कोप कडब्याची असते. कडबा हा चारा असतो. एवढी साधी गोष्ट एका मार्गदर्शकाला, एका दिग्दर्शकाला आणि एका कॅमेरामनला सुचली नव्हती. दावणीतून सुटून दोघांनी कोपीच्या दोन्ही भिंती शांतपणे संपवल्या होत्या आणि आत मांडलेले पांडव उघड्यावर आले होते. आबा म्हणाले, "पूजा झाल्याली हाय, आता काय दोस न्हाई."

दिग्दर्शक ढेकळावर बसला. त्याला धीर द्यावा म्हणून मी सत्यजित रायांची गोष्ट सांगितली. 'पथेर पांचाली'त काशफुलांचं रान आहे, अपू आणि दुर्गा त्यातून आगगाडी बघायला जातात. १९५२ च्या ऑक्टोबरात रायांनी एक दिवस तिथं शूटिंग केलं. आठवड्यानं परत गेले तर फुलं गायब. गुरांनी खाल्ली होती. पुन्हा फुलं यायला पुढच्या मोसमाची वाट बघावी लागली. आबांनी हे लक्ष देऊन ऐकलं.

"म्हंजे तिकडली जनावरं बी तसलीच. मग पिक्चर झाला का त्येंचा?"

"झाला की. जगात गाजला."

"मग पुढच्या येळवशीला करू."

मुलीनं वही उघडली. बैल क्रमांक एक : काळं डोळ्याच्या खालपर्यंत, डाव्या शिंगाला लाल गोंडा. बैल क्रमांक दोन : काळं फक्त नाकापर्यंत, कपाळावर चांदणी. कोप : येणे.

निघताना आबा घुटमळले. कॅमेरा आलाच आहे तर जोडीचा एक व्हिडिओ काढून द्या, म्हणाले. विकायचा विचार चाललाय, सोयाबीनला भाव नाही. आणि मग तो माणूस जे बोलला ते ऐकून मी माझी पुस्तकातली चार पानं मनातल्या मनात मिटली. "आधी लांबून घे, आख्खा बैल, चारी पाय जमिनीला दिसू दे. पाय झाकला की गिऱ्हाईक मनतं लंगडा हाय. मग चालीव. तू हलू नगंस, बैल हलंल. मग तोंड, जवळून. डोळा बघ, डोळ्यात पाणी नसावं. मग दात. शेवटी शेपूट, अन् बंद कर. मंदी बोलू नगंस." चाळीस सेकंद. एकही झूम नाही. हाळीच्या बाजारात वर्षानुवर्षं बैल बघून घडलेली ती नजर.

तो व्हिडिओ भालकी, कमालनगर, बसवकल्याण असा सीमेपलीकडच्या बऱ्याच मोबाइलवर फिरला. आमच्या फिल्मपेक्षा जास्त लोकांनी तो बघितला, कारण आमची फिल्म कुणीच बघितली नाही. फेब्रुवारीत मी आबांच्या ओट्यावर चहा पीत होतो तेव्हा एका गिऱ्हाइकाचा फोन आला. आबांनी पलीकडचं ऐकलं आणि म्हणाले, "न्हाई वो पाटील, आता इकता येईना. लेकरायचं शूटिंग अर्धं हाय. वहीत नाव हाय बैलाचं. जोडी कंटिन्युटीत अडकलीय."

पलीकडून बराच वेळ काहीतरी विचारणं चाललं होतं. आबांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडं वळून हळूच म्हणाले,

"सर, ते मनायलेत, लंपीवानी लागट हाय का ते?"